एकेरीवर येण्याआधी

सप्रेम नमस्कार ताई,

वय ६७. राहणार पाचपाखाडी, ठाणे. बँकेतून निवृत्त. पत्नी जाऊन येत्या आषाढात तीन वर्षं होतील. मुलगा आणि सून जर्मनीत, श्टुटगार्टला. नातू साडेचार वर्षांचा. त्याला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं आणि मी मुलाच्या तोंडाकडे बघत बसतो. म्हणून गेल्या जूनपासून गोखले रोडवरच्या एका क्लासमध्ये रविवारची बॅच लावली. वर्गात बहुतेक पंचविशीतली मुलं. नर्सिंग झालेल्या मुली, इंजिनिअर, एक हॉटेल मॅनेजमेंटवाला.

शब्द टिकत नाहीत. सकाळी वीस पाठ करावेत, संध्याकाळी पाच शिल्लक. वहीत तीन रकाने आखलेत, जर्मन, इंग्रजी, मराठी, आणि जमेल त्या शब्दाखाली एक वाक्य. मागच्या महिन्यात सरांनी वही बघितली आणि पानाच्या डोक्यावर लाल पेनाने लिहिलं, 'वर्तमानकाळ!' कारण माझी सगळी वाक्यं भूतकाळात आणि सगळी हिच्याबद्दल. बाकावरचा शेजारी म्हणाला, "काका, शब्दांच्या वहीत डायरी कशाला? ॲप घ्या ना." ओशाळल्यासारखं झालं. हिच्यासाठी वेगळी वही करू का? की या वयात हा नाद सोडूनच द्यावा? एका पानाचा फोटो सोबत पाठवतोय.

आपला,
एक विद्यार्थी आजोबा

ता. क. वर्गात एक बाई आहेत. ५९ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, लग्न केलेलं नाही, चरईत राहतात. क्लास सुटला की आम्ही तलावपाळीला एक फेरी मारतो. बोलणं अर्थातच अहो-जाहोचं. पण वर्गात सरांचा नियम आहे, सगळ्यांनी एकमेकांना 'दू' म्हणायचं. परवा हॉटेलातला संवाद करताना त्या मला म्हणाल्या, "वास म्योश्टेस्ट दू ट्रिंकन?" तू काय पिणार? आणि मला पुढचं वाक्य सुचेना. घरी येऊन त्यांच्यावर एक वाक्य वहीत लिहिलं, हिच्या वाक्यांच्या खाली. मग खोडलं. हे काय चाललंय माझं?

*

नमस्कार.

सही 'आजोबा' म्हणून केलीत, पण मी तुम्हाला आजोबा म्हणणार नाही. मी स्वतः ६१ची आहे. आणि एक आधीच सांगते. सहीनंतर माणूस जे लिहितो त्यासाठीच त्याने कागद पुढ्यात ओढलेला असतो, एवढं इतकी वर्षं लोकांची पत्रं वाचून मला कळलंय. तरी तुमच्या ता. क.कडे मी वहीच्या वाटेनेच येणार आहे. वाट लांबची नाही.

आधी विसरण्याचं बघू. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्मरणशक्तीवर पुस्तक छापलं. प्रयोगाला दुसरं कुणी नव्हतं, तो स्वतःच होता. निरर्थक अक्षरांच्या याद्या घोकायच्या, मग काही वेळाने पुन्हा घोकायच्या आणि दुसऱ्या खेपेला किती कष्ट वाचले ते मोजायचं, असा त्याचा उद्योग. तासाभरातच निम्म्याहून जास्त मेहनत पाण्यात गेलेली असायची. हे प्रयोग केले तेव्हा तो तिशीच्या आसपास होता. तेव्हा विसातले पाच उरले याचं खापर ६७वर फोडू नका.

त्याने निरर्थक अक्षरं का निवडली, हे मला त्याहून गमतीचं वाटतं. अर्थ असलेला शब्द कशाला ना कशाला जाऊन चिकटतो आणि हिशेब बिघडवतो. त्याला हिशेब हवा होता, म्हणून त्याने चिकटण्याची सोयच काढून टाकली. तुम्ही बँकेत आयुष्यभर हिशेब केलेत, आता राहू द्या. तुम्हाला शब्द चिकटायला हवे आहेत.

तुमच्या पानाचा फोटो समोर आहे. अक्षर सुंदर आहे, बँकेच्या लेजरमधलं. अकरा शब्द. सातव्या शब्दाखाली वाक्य आहे, "माइने फ्राउ हाट डी मिल्श इमर त्स्वाइमाल गेकोख्ट." माझी बायको दूध नेहमी दोनदा तापवायची. मी पैजेवर सांगते, कुणी रात्री दोनला उठवून 'कोखन'चा भूतकाळ विचारला तरी तुम्ही 'गेकोख्ट' म्हणाल आणि कूस बदलून झोपाल. त्याच पानावर खाली 'श्टाउबझाउगर' आहे, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, शब्दशः धूळ-शोष्या. त्याच्याखाली वाक्यच नाही. कसं असेल? तुमच्या घरात केरसुणी आहे. तो शब्द संध्याकाळपर्यंत गेला असणार, आणि गेला तर जाऊ दे. (जंतू मरावेत म्हणून दूध-पाणी उकळणं याला जर्मनमध्ये खास 'आबकोखन' आहे. तोही लिहून ठेवा. तुमच्या घरच्या दुधाला तोच शोभतो.)

तर वेगळी वही करायची नाही. ज्याला शेजारचा मुलगा डायरी म्हणतो, तोच तुमचा डिंक आहे.

मुलाचं ॲप वाईट नाही, पण त्यातली युक्ती ॲपहून जुनी आहे. झेबास्टियान लाइटनर याने १९७२ मध्ये आपल्या पुस्तकात ती सांगितली आणि ती पुठ्ठ्याच्या खोक्यात मावते. मिठाईचा मोठा बॉक्स घ्या, आत पुठ्ठे लावून पाच कप्पे करा. कपाटात जुन्या लग्नपत्रिका असतीलच; त्यांच्या पाठकोऱ्या बाजू कापून पत्ते करा. शब्द आठवला की पत्ता पुढच्या कप्प्यात, चुकला की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा एक दिवसाआड, असं करत पाचवा महिन्या-दोन महिन्यांनी. आलेलं घोकण्यात वेळ जात नाही आणि न आलेलं सुटत नाही. फक्त एक बदल माझा. पत्त्याच्या मागे नुसता अर्थ लिहू नका. तुमचं वाक्य लिहा आणि शब्दाच्या जागी रेघ ओढा. 'माइने फ्राउ हाट डी मिल्श इमर त्स्वाइमाल' आणि पुढे रिकामी जागा. ती भरताना स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येणारच.

दुसरं, तो मधला इंग्रजी रकाना. तो उद्याच्या उद्या काढून टाका. नर्सिंगच्या मुलींना इंग्रजीतून शिकायची सवय आहे, त्यांचं चालेल. तुमचं मराठी जर्मनच्या जास्त जवळून जातं आणि तुम्ही उगीच लंडनमार्गे फेरा घालताय. मला थंडी वाजतेय, हे जर्मनमध्ये 'मीर इस्ट काल्ट'. 'मीर' म्हणजे मला. इंग्रजीच्या पुलावरून गेलात तर 'इश् बिन काल्ट' म्हणाल, म्हणजे मी थंड आहे, प्रेतासारखा किंवा निर्दय माणसासारखा. आणि या एप्रिलच्या उकाड्यात वर्गात चुकूनही 'इश् बिन हाइस' म्हणू नका. तुम्हाला म्हणायचं असेल की मला गरम होतंय. मुलं मात्र माना खाली घालून हसतील, कारण त्याचा अर्थ भलताच होतो. मराठीत विचार केलात तर 'मीर इस्ट हाइस' आपोआप तोंडात येईल. मला आवडतं, 'दास गेफेल्ट मीर'. चतुर्थी आपल्याला शाळेतच घोटून दिलीय, स-ला-ते, स-ला-ना-ते. ती ६७व्या वर्षी उपयोगी पडणार असेल तर पडू द्या.

याच घरातलं एक वाक्य तुमच्या पानावर मला दिसलं नाही, म्हणून देते. 'दू फेल्स्ट मीर.' इंग्रजीत यात 'मी' कर्ता होतो, मी काहीतरी करतो. जर्मनमध्ये कर्ता तो, जो नाही. तू मला कमी आहेस. तू मला उणी आहेस. आपण 'तुझी उणीव भासते' म्हणतो तेव्हा जवळजवळ तिथेच असतो. हे वाक्य वर्तमानकाळात आहे, सरांनाही चालेल.

लिंगांचंही तसंच. शेजारचा मुलगा 'डेअर, डी, दास'ला वैतागला असेल. आपल्याला तिन्ही लिंगं जन्मापासून आहेत, फक्त वाटणी वेगळी. आपला सूर्य तो, त्यांची 'डी झोने' ती. मुलगी म्हणजे 'मेडशन', आणि ती नपुंसकलिंगी, 'दास मेडशन'. यावर जगभरचे विद्यार्थी हसतात. मराठी माणसाने का हसावं? आपल्याकडे लाड आला की माणूस नपुंसकलिंगात जातोच. बाळ, लेकरू, पिल्लू, सोनुलं, आणि रागावलो तर कार्टं. 'कसं गं माझं ते' असं आपण नातीलाही म्हणतो, नातवालाही. जर्मनमध्ये शब्दामागे 'शन' किंवा 'लाइन' लावून तो लहान आणि लाडका केला की तो 'दास' होतो, नियमच आहे. तुमचा नातू श्टुटगार्टचा, म्हणजे श्वाबन मुलखातला. तिकडे 'शन'च्या जागी 'ले' लावतात. हाउस म्हणजे घर, त्याचं 'हॉइसले' म्हणजे घरकुल. पुस्तकात हे सापडणार नाही. त्याच्या तोंडून 'ले' आलं की दचकू नका.

आता सरांची लाल शाई. मला आधी राग आला होता, तुमच्या वतीने. मग वाटलं, माणूस अर्धा बरोबर आहे. साडेचार वर्षांच्या मुलाशी बोलायला भूतकाळ फारसा लागत नाही. पण भूतकाळाने तुम्हाला जे शिकवलंय ते सरांनी बघितलंच नाही. पानाच्या तळाशी तुम्ही पेन्सिलीने विचारलंय, "ब्लाइबनला इस्ट का?" आणि बाजूला बहुधा सरांचंच उत्तर, "अपवाद. पाठ करा."

प्रश्न फार चांगला आहे. जर्मन भूतकाळात क्रियापदाला 'हाट' किंवा 'इस्ट' यांची जोड लागते. दूध तापवलं, पत्र लिहिलं, याला 'हाट'. जाणं, येणं, पडणं, असं जिथे माणूस इथून तिथे होतो, किंवा एका अवस्थेतून दुसरीत जातो, तिथे 'इस्ट'. म्हणून गेली, 'इस्ट गेगांगन'. मरणंही त्याच रांगेत, 'इस्ट गेश्टॉर्बन'. आपणही वारलेल्या माणसाला गेला म्हणतो, त्यामुळे मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही. आणि मग 'ब्लाइबन', राहणं. जो हललाच नाही त्यालाही 'इस्ट', 'इस्ट गेब्लीबन'. व्याकरणवाल्यांना अपवाद दिसतो. तुम्ही तीन वर्षं पाचपाखाडीच्या त्याच घरात आहात. तिथे राहताना तुमच्यात काही हललं नाही असं कुणी म्हणेल का? पाठ करू नका. त्याखाली स्वतःचं वाक्य लिहा.

माझंही थोडं सांगते. १९८७ साली मी रोज संध्याकाळी ठाण्याहून गाडी पकडून काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकायला जायची. ज्याच्या नावाने भारतात गोएथे संस्था ओळखली जाते त्या माक्स म्युलरने सगळा ऋग्वेद संपादित करून छापला, पण भारतात एकदाही पाऊल टाकलं नाही. तेव्हा हे ऐकून मला भारी वाटायचं, कारण मीही जर्मनीला जाण्याची चिन्हं नव्हती. माझी पण एक वही होती. त्यात 'वार्टन' हे क्रियापद होतं, वाट पाहणं. जर्मन माणूस कुणा'वर' थांबतो, 'आउफ' लावून. आपण कुणाची वाट, म्हणजे रस्ताच, पाहत बसतो. त्या शब्दाखाली मी सात वाक्यं लिहिली होती, सगळी एकाच माणसाबद्दल. तो माणूस पुढे आला नाही. वही मात्र मी फाडली नाही आणि त्याच भाषेतून भाषांतरं करून मी नंतर घर चालवलं. एका पंपाच्या मॅन्युअलमध्ये 'वार्टन' आलं ते देखभालीच्या अर्थाने. जर्मनमध्ये तोच शब्द यंत्राची निगा राखण्यालाही वापरतात. त्या दिवशी मी ऑफिसात एकटीच बराच वेळ हसत होते.

आता नातू. इथे मी तुम्हाला थोडं अडवणार आहे. तुम्ही जर्मन शिका ते त्याचं ऐकू येण्यासाठी. बोला मराठीतच. त्याला मराठी कळतंय, याचा अर्थ आई-बापाने आणि तुम्ही मिळून काहीतरी बरोबर केलंय. उद्या आजोबाही जर्मन बोलायला लागले तर त्याच्यापाशी मराठीचं कारणच कमी होईल. तो त्याच्या भाषेत बोलेल, तुम्ही तुमच्या, आणि दोघांनाही कळेल. अशी किती घरं आपल्याकडे कोकणी-मराठीत, गुजराती-मराठीत चालतात. यात तुमचाही फायदा आहे. ऐकून ओळखायला शब्द जेवढा यावा लागतो, त्याहून बोलताना तो कितीतरी जास्त पक्का लागतो. तेव्हा विसातले पाच हा हिशेबही आपोआप सुधारेल.

आणि त्याचे शब्द त्याच्याकडून घ्या. क्लासच्या पुस्तकात नोकरीचा अर्ज आहे, भाड्याचा करार आहे. त्याला तुमच्याशी 'बागर'बद्दल बोलायचंय, म्हणजे जेसीबी, आणि 'फ्युट्से'बद्दल, म्हणजे पावसाचं साचलेलं डबकं, ज्यात उडी मारतात. त्याला विचारा, हे काय? त्याला सांगू दे, तुमचा उच्चार सुधारू दे, हसू दे. त्याचे शब्द वहीत वर्तमानकाळात लिहा, हिच्या वाक्यांच्या शेजारच्या पानावर. हिने नातवाला पाहिलं ते जेमतेम पावणेदोन वर्षांचा होईपर्यंत, असं तुमच्या तारखांवरून दिसतं. निदान वहीत दोघं समोरासमोर बसतील.

आता ता. क.

त्या बाईंच्या 'दू'मध्ये त्यांचं असं काही नव्हतं, हे आधी पक्कं करून घ्या. सरांचा नियम होता. त्याच तासाला त्या हॉटेल मॅनेजमेंटवाल्यालाही तू काय पिणार म्हणाल्या असतील. 'दू'वरून तुम्ही त्यांच्या मनातलं काही वाचू लागलात तर त्यांच्यावर अन्याय होईल. त्या संवाद वाचत होत्या.

पण तुमच्या मनात जे झालं ते खरं आहे, आणि त्याची मला अजिबात गंमत वाटत नाही. तुमच्या पिढीत बायको नवऱ्याला अहो म्हणते. तुमचा संसार किती वर्षांचा ते तुम्ही लिहिलं नाहीत, तीस-पस्तीस धरते. तुम्ही तिला तू, ती तुम्हाला अहो. आईने तू म्हटलं, शाळासोबत्यांनी म्हटलं, एखाद्या थोरल्या बहिणीने. आज तुम्हाला तू म्हणणारं माणूस या शहरात कोण उरलंय? मोजून बघा. बँकेत साहेब, सोसायटीत काका, घरात बाबा, फोनवर आजोबा. आणि एका रविवारी सकाळी तुमच्या बरोबरीची एक बाई विचारते, तू काय पिणार. एवढ्या वर्षांच्या संसारातही एखाद्या बाईने तुम्हाला हे असं विचारलं नव्हतं. पुढचं वाक्य न सुचण्यात नवल नाही.

पत्रात आणखी एक दिसतं, ते तुम्ही ठरवून लिहिलेलं नाही. तुमच्या पत्रात एक 'ही' आहे आणि एक 'त्या' आहेत. तीन वर्षांपूर्वी गेलेली बायको अजून 'ही', हात पुढे केला तर लागेल इतकी जवळची. आणि तलावपाळीला खांद्याजवळून चालणाऱ्या बाई 'त्या', आदराने दूर ठेवलेल्या. मराठी हे सर्वनामातच सांगून टाकते, आपल्याला लपवता येत नाही. यात दोष कुणाचाच नाही. 'ही'ची 'ती' करा असं मी सांगणार नाही. माझ्या आईने वडील गेल्यावर शेवटपर्यंत 'हे' सोडलं नव्हतं.

आता करायचं काय. जर्मन लोकांत 'झी'वरून 'दू'वर, म्हणजे अहो-जाहोवरून तू-वर, येण्याची रीत आहे. 'दू' पुढे केलं जातं, 'दास दू आनबीटन', पाहुण्यापुढे तबक धरावं तसं. वयाने वा मानाने मोठ्याने धरायचं, धाकट्याने घ्यायचं. आणि बरोबरीच्या पुरुष-बाईत जुना शिष्टाचार असा की बाईने पुढाकार घ्यायचा. म्हणजे तुमच्याकडे तो नाही. आपल्या मराठीत तर ही रीतच नाही. आपल्याकडे एकेरीवर येणं म्हणजे भांडण, आणि बहुधा सोसायटीच्या मीटिंगमध्ये, पार्किंगवरून.

म्हणून वर्गाबाहेर, तलावपाळीवर, थट्टेतसुद्धा त्यांना 'दू' म्हणू नका. परकी भाषा अशा वेळी फार सोयीची पडते. अंगाशी आलं तर नुसता सराव करत होतो म्हणता येतं. समोरच्या माणसाला मात्र ते कळतं आणि त्याला उत्तर देता येत नाही, कारण तुम्ही काही बोललेलाच नसता. निवृत्त शिक्षिका आहेत त्या; वर्गातली असली पळवाट त्यांनी हजारदा पकडली असेल. जे बोलायचं ते मराठीत, अहो-जाहो करूनच बोला.

आणि आधी हिच्याबद्दल बोला. इतके रविवार तलावाला फेऱ्या मारताय, तुम्ही त्यांना दोनदा तापणाऱ्या दुधाबद्दल कधी सांगितलंय का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. वही सरांनी पाहिली, शेजारच्या मुलाने पाहिली, मी पाहिली. ज्यांना दाखवावीशी वाटतेय त्यांनी पाहिली नाही. त्यांनाही विचारा, त्या या वयात जर्मन कुणासाठी शिकताहेत. कुणाहीसाठी नाही असं उत्तर येऊ शकतं, आणि ते खरं असू शकतं. ५९ वर्षं आपल्या मर्जीने राहिलेल्या बाईला रविवारची एक फेरी एवढंच पुरेसं असणं शक्य आहे. तसं असेल तर तुम्हालाही ते पुरलं पाहिजे, तोंड न पाडता, क्लास न बदलता. तुम्हाला जास्त हवं आहे की नाही हे तरी कुठे ठरलंय? तुम्ही मला विचारलंत, हे काय चाललंय माझं. अजून काहीच नाही. पाचपाखाडी ते तलावपाळी या रस्त्यावर तुम्हाला चार ओळखीचे भेटणार आणि बघणार. बघू देत. मुलाला आत्ताच काही कळवायची गरज नाही, कळवण्यासारखं काही घडलेलं नाही.

राहिलं ते खोडलेलं वाक्य. ते काय होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही. पण मला त्याचा काळ ओळखता येईल असं वाटतं. वहीतली बाकी सगळी वाक्यं भूतकाळात आहेत, सर त्यावर वैतागलेत, आणि तुम्ही अख्ख्या वहीत वर्तमानकाळातलं बहुधा एकच वाक्य लिहिलंत, तेच खोडलंत. चुकत असेन तर कळवा. बरोबर असेन तर ते पुन्हा लिहा, हवं तर पेन्सिलीने, हवं तर वेगळ्या पानावर. त्यातलं क्रियापद तरी वाया घालवू नका.

आणि एक काम, याच आठवड्याचं. जर्मनीत सध्या रस्त्याच्या कडेला, गवतात सगळीकडे एक पिवळं फूल असतं, त्याची पुढे पांढरी मऊ गोल बोंडं होतात आणि मुलं ती फुंकून उडवतात. 'पुस्टेब्लूमं', फुंकायचं फूल. तुमच्या नातवाला हा शब्द शंभर टक्के येत असणार. आपल्याकडे ती 'म्हातारी', रुईच्या बोंडातली. कोपरीकडे रुळांच्या कडेला किंवा खाडीच्या बाजूला पडीक जागेत रुई असतेच, उन्हाळ्यात बोंडं वाळून उकलतात. वाळलेलंच घ्या, हिरव्याचा चीक डोळ्यात गेला तर त्रास होतो. रविवारी रात्री साडेनऊला फोन लावा, तिकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतील. आधी त्याला त्याचा शब्द विचारा, मग तुमचा सांगा, आणि कॅमेऱ्यासमोर फुंकर मारा. तोपर्यंत खिडकी लावून घ्या आणि पंखा बंद ठेवा, नाहीतर तो फोनवर यायच्या आतच म्हातारी माळ्यावर जाऊन बसेल.